स्मरणदिन कोणाच्या हाती? अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या उत्सवांपासून घ्यावयाचा धडा



धम्मदीक्षा घेतलेल्या प्रत्येक घरात काही महिन्यांनी एक प्रश्न उभा राहतो. बावीस प्रतिज्ञा उच्चारलेल्या असतात. देव्हारा रिकामा झालेला असतो. नवस-सायास सुटतात, श्राद्ध आणि पिंडदान थांबते. मग वर्षातील ते ठराविक दिवस येतात. शेजारच्या घरी गोडधोड शिजते, वाजंत्री वाजू लागतात आणि आपल्या घरातील लहान मूल आईला विचारते, "आपला सण कधी?"

या प्रश्नाला आईने काय उत्तर द्यावे, यावर त्या घरातील धर्मांतर टिकणार की नाही हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. ज्या समाजाने जुने सण टाकले पण नवे दिवस जोपासले नाहीत, त्याच्या घरात जुने सण मागील दाराने परत येतात. प्रथम मुलांच्या हौसेसाठी येतात, मग शेजारधर्म म्हणून येतात, आणि शेवटी आपण ते कधी सोडले होते याचीही आठवण राहत नाही.

आज मी तुम्हांला एका दूरच्या समाजाची हकीकत सांगणार आहे. तो समाज अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा होय. आपल्या जुन्या लिखाणात त्यांचा 'निग्रो' असा उल्लेख येतो. आज ते स्वतःस कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकन अमेरिकन म्हणवितात, आणि आपले नाव आपणच ठरवावे हा न्याय आपल्याला कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. या लोकांपुढेही एके काळी हाच प्रश्न होता : दुसऱ्याचे सण सोडल्यावर आपले दिवस कोणते, आणि ते कसे पाळावयाचे? त्यांनी दिलेल्या उत्तराचा आपण विचार करू.

प्रथम गुलामगिरीच्या काळात चला. फ्रेडरिक डग्लस हे मेरीलँड राज्यात गुलाम म्हणून जन्मले, १८३८ साली पळून जाऊन स्वतंत्र झाले, आणि १८४५ साली त्यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात गुलामांना मिळणाऱ्या सुट्टीचे वर्णन आहे. नाताळपासून नववर्षापर्यंतचे दिवस मालक गुलामांना मोकळे देत असत. ही मालकाची दया होती असे कोणास वाटेल. डग्लस यांना तसे वाटले नाही. त्या दिवसांत जो गुलाम स्वतःसाठी काही काम करी त्याच्याकडे मालक नाराजीने पाही, आणि जो दारू पिऊन पडे त्याच्यावर खूश होई. कोणता गुलाम सर्वांत जास्त दारू पितो यावर मालक पैजा लावीत. हेतू असा, की गुलामाने स्वातंत्र्याची चव म्हणून दारूची चव घ्यावी, आणि सुट्टी संपल्यावर अशा स्वातंत्र्यापेक्षा मालकाचे शेत बरे असे त्यालाच वाटावे. डग्लस यांच्या मते या सुट्ट्या गुलामांच्या मनातील बंडाची वाफ बाहेर सोडण्याचे साधन होत्या.

पुढे १८५२ साली न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर शहरी डग्लस यांना अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने भाषणास बोलाविण्यात आले. तो दिवस ४ जुलैचा. डग्लस ५ जुलै रोजी बोलले, आणि त्यांनी सभेस उघड प्रश्न केला की ज्या देशात लाखो माणसे साखळदंडात आहेत, त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाशी गुलामाचे नाते काय? ज्यांच्या निमंत्रणावरून ते आले होते ती मंडळी गुलामगिरीविरोधी होती, सज्जन होती. तरीही त्यांच्या आनंदात केवळ सौजन्य म्हणून सामील होण्याचे डग्लस यांनी नाकारले. आपल्या अपमानाची कथा ज्या सणाच्या पोटात आहे त्या सणाच्या पंक्तीस बसावे की नाही, हा प्रश्न तुम्हांला परका वाटणार नाही.

मालकाचा सण नाकारणे ही पहिली पायरी झाली. पुढची पायरी म्हणजे स्वतःचा दिवस उभा करणे. ती पायरी या लोकांनी किती लौकर गाठली ते पाहा.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध झाले. दक्षिणेतील चार्ल्सटन शहरात घोड्यांच्या शर्यतीचे एक मैदान होते. युद्धाच्या अखेरच्या काळात तेथे उत्तरेकडील कैदी सैनिकांना उघड्यावर डांबून ठेवले होते. रोगराईने आणि हालअपेष्टांनी त्यांतील २५७ जण मेले, आणि त्यांना घाईघाईने एकत्र पुरण्यात आले. शहर उत्तरेच्या सैन्याच्या हाती आल्यावर नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय मजुरांनी त्या मृतांस नीट ओळीने पुन्हा पुरले, भोवती कुंपण घातले, आणि प्रवेशद्वारावर ते हुतात्मे असल्याचे लिहिले. मग १ मे १८६५ रोजी सुमारे १०,००० लोक त्या मैदानावर जमले. त्यांतील बहुतेक लोक कालपर्यंत गुलाम होते. अग्रभागी सुमारे ३,००० शाळकरी मुले हातांत गुलाबाची फुले घेऊन गात चालली होती. मागून स्त्रिया फुलांच्या टोपल्या घेऊन आल्या, त्यांच्यामागून पुरुष आले. ज्या मैदानावर मळेवाल्यांचे घोडे धावत, त्याच मैदानावर मुक्त माणसांनी आपल्या मुक्तीसाठी मेलेल्यांची पूजा बांधली.

बंधूंनो, एवढ्या मोठ्या सोहळ्याचे पुढे काय झाले? तो विसरला गेला. दक्षिणेत सत्ता पुन्हा जुन्या वर्गाच्या हाती गेली. त्या थडग्यांतील अवशेष दुसऱ्या गावी हलविण्यात आले. त्या जागी उद्यान झाले आणि त्याला वेड हॅम्प्टन या गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीचे नाव मिळाले. शंभराहून अधिक वर्षे इतिहासाच्या पुस्तकांत त्या १ मेला स्थान नव्हते. १९९० च्या दशकात डेव्हिड ब्लाइट या इतिहासकाराला जुन्या कागदपत्रांत त्याची हकीकत सापडली, तेव्हा जगाला ती पुन्हा कळली. दहा हजार माणसे जमली होती. परंतु त्यांच्या दिवसाची नोंद सांभाळणारी, तो मुलांना शिकविणारी आणि ती जागा आपल्या मालकीची ठेवणारी संस्था त्यांच्या हाती उरली नव्हती. गर्दीच्या बळावर दिवस साजरा होतो, पण गर्दी पांगल्यावर तो कोणी तरी जपावा लागतो.

आता याच्या उलट उदाहरण ऐका. ते टेक्सास राज्यातील आहे. अध्यक्ष लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आला. पण टेक्साससारख्या दूरच्या राज्यात तो अमलात आणण्यास सैन्य पोहोचले नव्हते, आणि मालकांना घाई नव्हती. १९ जून १८६५ रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गॅल्व्हेस्टन बंदरात हुकूम जारी केला की सर्व गुलाम मुक्त आहेत. म्हणजे कागदावरची मुक्ती माणसांपर्यंत पोहोचावयास जवळजवळ अडीच वर्षे लागली. त्या राज्यात तेव्हा सुमारे अडीच लाख माणसे गुलाम होती. आपल्या घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली; ते कलम गावच्या पाणवठ्यापर्यंत पोहोचावयास किती काळ लागला, आणि काही गावांत ते आजही पोहोचले आहे काय, याचा विचार करा म्हणजे या अडीच वर्षांचा अर्थ उमगेल.

त्या हुकुमातच पुढे असेही म्हटले होते की मुक्त झालेल्यांनी आहे त्याच ठिकाणी शांतपणे राहावे व मजुरीवर काम करावे, आणि आळशीपणाला थारा मिळणार नाही. ज्यांच्या दोन-अडीचशे वर्षांच्या फुकट श्रमावर तो देश श्रीमंत झाला, त्यांनाच कष्टाचा उपदेश! परंतु या लोकांनी त्यातले नेमके आपले तेवढे उचलले. उपदेश बाजूला ठेवला आणि तारीख घेतली. दुसऱ्याच वर्षापासून, म्हणजे १८६६ पासून, ते १९ जून हा दिवस साजरा करू लागले. इंग्रजीतील जून आणि एकोणिसावा या दोन शब्दांची गाठ मारून त्यांनी त्याला 'जूनटीन्थ' हे नाव दिले. हे नाव कोणा सरकारने दिलेले नाही. ते बोलीतून आले.

तो दिवस ते कसा पाळीत? सकाळी प्रार्थना होई. मुक्तीचा जाहीरनामा मोठ्याने वाचला जाई, कारण जमलेल्यांपैकी पुष्कळांना वाचता येत नव्हते. गुलामी भोगलेली वृद्ध माणसे उभी राहून आपली हकीकत सांगत, आणि मुले ती ऐकत. मग विस्तवावर भाजलेले मांस, तांबड्या रंगाची सरबते, खेळ आणि गाणी. आधी वाचन, मग साक्ष, त्यानंतर भोजन आणि खेळ, हा क्रम लक्षात ठेवा. आनंदाला तेथे बंदी नव्हती. पण आनंद कशाबद्दल आहे हे जेवणापूर्वी सर्वांना सांगितले जाई.

एक अडचण मात्र होती. जमावयाचे कोठे? सार्वजनिक जागा गोऱ्यांच्या ताब्यात होत्या. तेव्हा १८७२ साली ह्यूस्टन शहरातील कृष्णवर्णीयांनी वर्गणी जमवून दहा एकर जमीन विकत घेतली. या कामी पुढाकार घेणाऱ्यांत जॅक येट्स हे धर्मोपदेशक होते. ते स्वतः गुलामीतून मुक्त झालेले होते. गुलामगिरी संपून केवळ सात वर्षे झाली होती. त्यांच्या अंगावर धड कपडे नव्हते, शाळा नव्हत्या, पोटाची ददात होती. तरी त्यांनी पै-पै जमवून पहिल्या मोठ्या खरेदींत स्मरणदिनासाठी जमीन घेतली आणि तिला मुक्ती उद्यान असे नाव दिले. पुढे ते उद्यान शहराच्या स्वाधीन झाले, आणि वर्णभेदाच्या काळात अनेक वर्षे कृष्णवर्णीयांना खुले असलेले ते ह्यूस्टनमधील एकमेव सार्वजनिक उद्यान होते. ते उद्यान आजही आहे आणि आजही तेथे १९ जून साजरा होतो. चार्ल्सटनचे मैदान हातचे गेले आणि त्याबरोबर दिवस गेला. ह्यूस्टनची जमीन राहिली आणि तिच्याबरोबर दिवसही राहिला.

या दिवसालाही ओहोटी लागली होती. मंदीच्या आणि युद्धाच्या काळात तो पुष्कळ ठिकाणी मंदावला. टेक्सास सोडून इतर राज्यांत पोट भरावयास गेलेली कुटुंबे मात्र तो आपल्याबरोबर घेऊन गेली. १९ जून १९६८ रोजी गरिबांच्या मोहिमेचा मोठा मेळावा वॉशिंग्टनला झाला, आणि तेथे आलेले लोक हा दिवस आपापल्या गावी घेऊन परतले. टेक्सास राज्याने १९७९ साली कायदा करून तो सुट्टीचा दिवस ठरविला. राष्ट्राने मान्य केला तो १७ जून २०२१ रोजी, अध्यक्ष बायडन यांच्या सहीने. त्या सहीसाठी झटणाऱ्यांत ओपल ली या वृद्ध शिक्षिका होत्या. १९ जून १९३९ रोजी, म्हणजे नेमक्या याच दिवशी, फोर्ट वर्थ शहरात गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले म्हणून जमावाने त्यांच्या कुटुंबाच्या घरावर हल्ला केला होता. त्या वेळी ओपल १२ वर्षांच्या होत्या. २०१६ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्या वॉशिंग्टनच्या दिशेने पायी निघाल्या. वाटेत गावोगावी त्या अडीच मैल चालत. उशिरा आलेल्या मुक्तीच्या अडीच वर्षांची ती खूण होती. १८६६ पासून २०२१ पर्यंत १५५ वर्षे होतात. या दीर्घ काळात सरकारने पाळला नाही म्हणून लोकांनी तो दिवस पाळावयाचा थांबविला नाही.

आता तिसरे उदाहरण, आणि माझ्या मते आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. कार्टर वुडसन यांचा जन्म १८७५ साली व्हर्जिनिया राज्यात झाला. त्यांचे आईवडील गुलाम होते. घरच्या गरिबीमुळे तरुणपणी त्यांनी कोळशाच्या खाणीत काम केले. त्या खाणीत ऑलिव्हर जोन्स नावाचे एक कामगार होते. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हते, पण त्यांनी आपल्या जातभाईंनी लिहिलेली पुस्तके घरी जमविली होती. संध्याकाळी खाणकामगार त्यांच्याकडे जमत, आणि तरुण वुडसन त्यांना वर्तमानपत्रे वाचून दाखवीत. वयाच्या विसाव्या वर्षी वुडसन हायस्कुलात दाखल झाले. १९१२ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्या विद्यापीठात ही पदवी मिळविणारे ते दुसरे कृष्णवर्णीय होत. पहिले होते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस.

सप्टेंबर १९१५ मध्ये वुडसन यांनी शिकागो येथे निग्रो जीवन व इतिहास यांच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन केली, आणि १९१६ च्या जानेवारीत तिचे नियतकालिक सुरू केले. विद्वानांच्या लेखांनी त्यांचे समाधान झाले नाही. सामान्य घरातील मुलापर्यंत इतिहास पोहोचला पाहिजे, म्हणून १९२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी निग्रो इतिहास सप्ताह सुरू केला. लिंकन यांचा जन्मदिवस १२ फेब्रुवारी, आणि डग्लस यांचा १४ फेब्रुवारीस पाळला जाई. हे दोन दिवस लोक आधीपासून पाळत होते. वुडसन यांनी लोकांच्या सवयीतलेच दिवस घेतले आणि त्यांना अभ्यासाची जोड दिली. केवळ दोन थोर पुरुषांचे गुणगान करून थांबू नका, असे ते सांगत. इतिहास सर्व लोक मिळून घडवितात, तेव्हा साऱ्या समाजाने काय केले ते शिका, हा त्यांचा आग्रह होता.

या सप्ताहाचे काम पाहण्यासारखे आहे. वुडसन यांची संस्था शिक्षकांना चित्रे, पाठ, मुलांनी करावयाच्या नाटिका आणि महत्त्वाच्या तारखांचे तक्ते पाठवी. गावोगावी इतिहास मंडळे निघाली. सप्ताह खऱ्या अर्थाने चालविला तो कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शाळांतील शिक्षकांनी, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. दक्षिणेत असे शिकविणे धोक्याचे होते. लुइझियाना राज्यातील एक शिक्षिका १९३० च्या दशकात वुडसन यांचे पुस्तक मांडीवर ठेवून मुलांना वाचून दाखवीत, आणि टेबलावर सरकारमान्य अभ्यासक्रमाचा कागद उघडा असे. कोणी तपासावयास आले की डोळे मांडीवरून टेबलावर जात. १९३६ साली मेरी मॅक्लाउड बेथ्यून या थोर शिक्षिका त्या संस्थेच्या अध्यक्षा झाल्या, आणि १९३७ पासून शाळांसाठी सोप्या भाषेतील नियतकालिक निघू लागले. त्याच दशकात मोठ्या धनिकांच्या देणग्या आटल्या, तेव्हा संस्था आपल्याच गरीब लोकांच्या लहान लहान वर्गण्यांवर चालली.

सप्ताह लोकप्रिय झाला तसे त्यात हवशे-नवशेही शिरले. काल-परवापर्यंत या विषयाला हात न लावणारे प्रकाशक घाईने पुस्तके काढू लागले, आणि काही न वाचलेले वक्ते व्यासपीठावर चढू लागले. श्रोत्या मुलांहून ज्याला कमी माहिती आहे अशा वक्त्यास बोलावू नका, असा इशारा वुडसन यांनी शिक्षकांना दिला. एका सप्ताहावर ते समाधानी नव्हते. एक दिवस असा यावा की हा इतिहास वर्षभर शिकविला जाईल आणि वेगळ्या सप्ताहाची गरजच उरणार नाही, अशी त्यांची इच्छा होती. १९५० साली ते निवर्तले. १९७० साली ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी सप्ताहाचा महिना करून दाखविला, १९७६ साली संस्थेने तो सर्वत्र महिना केला आणि अध्यक्ष फोर्ड यांनी त्यास मान्यता दिली. १९८७ पासून ब्रिटनमध्येही ऑक्टोबर महिन्यात असाच महिना पाळला जातो. १९२६ च्या पहिल्या सप्ताहाला २०२६ साली शंभर वर्षे झाली.

सरकारी मान्यतेचे मोल आहे, पण तिचा भरवसा किती धरावा? ३१ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने हुकूम काढला की अशा स्मरण-महिन्यांसाठी यापुढे सरकारी साधने व कामाचे तास वापरू नयेत. सरकारी कचेरीने दिलेला उत्सव कचेरीच्या एका कागदाने बंद होतो. पण जो उत्सव चर्चच्या दालनात, शाळेच्या वर्गात आणि आजीच्या माजघरात चालतो, तो बंद करणारा हुकूम कोणास काढता येत नाही. फेब्रुवारी महिना त्या वर्षीही लोकांनी पाळला.

या लोकांचे आणि आपले नाते आजचे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. गॅल्व्हेस्टनच्या हुकुमानंतर तेव्हा अवघी आठ वर्षे लोटली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. वुडसन यांनी आपली संस्था काढली ती याच काळात. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली, आणि या दोन समाजांच्या स्थितीत इतके साम्य आहे की त्यांच्या स्थितीचा अभ्यास आपल्याला आवश्यक आहे असे कळविले. ड्यू बॉइस यांनी उत्तरी अस्पृश्यांविषयी पूर्ण सहानुभूती व्यक्त केली.

साम्य आहे तसा भेदही आहे. त्यांचे दास्य कातडीच्या रंगावर उभे होते, आपले जातीवर आणि जातीला धर्माने दिलेल्या आधारावर. त्यांनी मालकाचाच धर्म घेऊन त्यातून मुक्तीचा अर्थ काढला आणि आपली स्वतंत्र चर्चे उभारली. आपल्याला तो मार्ग बंद होता, कारण आपल्या दास्याचे मूळच त्या धर्मात होते. म्हणून बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला नवा मार्ग दाखविला. तेव्हा त्यांची नक्कल आपण करावयाची नाही. त्यांनी आपले दिवस कसे राखले, एवढेच आपल्याला शिकावयाचे आहे.

आपल्याजवळ दिवसांची वाण नाही. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाडचे चवदार तळे, १४ एप्रिलला जयंती, वैशाखी पौर्णिमा, १४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. बाबासाहेबांची जयंती सार्वजनिक रीतीने प्रथम साजरी झाली ती १४ एप्रिल १९२८ रोजी पुण्यात, जनार्दन सदाशिव रणपिसे यांच्या पुढाकाराने. म्हणजे वुडसन यांच्या पहिल्या सप्ताहानंतर दोनच वर्षांनी. तो दिवसही कोणा सरकारने दिला नव्हता. आपण पाहिले पाहिजे ते हे, की या दिवशी आपल्या वस्तीत काय घडते. वाचन होते की केवळ कर्णे वाजतात? वर्गणीचा जमाखर्च वस्तीपुढे वाचला जातो काय? मिरवणुकीत कोणी दारू पिऊन नाचत असेल तर त्याने डग्लस यांचे शब्द आठवावेत : पिणाऱ्या गुलामावर मालक खूश असे. पंचशीलातील पाचवे शील वर्षाच्या इतर दिवशी पाळून जयंतीच्या रात्री मोडणारा मनुष्य बाबासाहेबांची जयंती करीत नाही, तो मालकाची सुट्टी साजरी करतो.

नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना माझे सांगणे थोडके आहे. आपल्या प्रत्येक दिवशी सकाळी त्रिशरण-पंचशील झाल्यावर, खीर वाढण्यापूर्वी, घरातील वडील माणसाने पाच मिनिटे सांगावे : आपल्या घराने पूर्वी काय सोसले, ते कोणी सोडविले, आणि आपण दीक्षा कोठे व कधी घेतली. घरातील शिकणाऱ्या मुलीने वा मुलाने ते वहीत लिहून घ्यावे, गावाचे नाव आणि साल घालून. आजीच्या आठवणी आधी लिहा, कारण त्या थांबणार नाहीत. दीक्षेचे प्रमाणपत्र, जुनी हस्तपत्रके, जलशाच्या गाण्यांच्या वह्या, सभेची छायाचित्रे रद्दीत घालू नका. जनगणनेचा प्रगणक दाराशी येईल तेव्हा धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असे लिहून घ्या. तीही इतिहासाचीच नोंद आहे.

वस्तीने काय करावे? विहाराची जागा वस्तीच्या नावावर असावी आणि तिचे कागद नीट असावेत. वर्गणीतील ठरलेला हिस्सा वाचनालयाला आणि परीक्षेच्या फीला बाजूला काढावा. वर्षावासाचे तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, तेथे मुलांना मागे न बसविता पुढे बसवावे आणि वाचावयास द्यावे. वाचन चालविण्याचे काम भगिनींकडे असावे. त्यांना फक्त स्वयंपाकाचे काम दिले तर आपण निम्म्या समाजाला आपल्याच इतिहासाबाहेर ठेवू.

एक साधी परीक्षा सांगतो. धर्मांतर केले म्हणून बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींपासून १९५६ नंतर वंचित ठेवण्यात आले, आणि हा हक्क कायद्याने परत मिळाला तो १९९० साली. मधली ३४ वर्षे आपल्या माणसांनी मोर्चे काढले, अर्ज लिहिले, तुरुंग सोसला, पण धम्म सोडला नाही. ही गोष्ट तुमच्या घरातील शाळकरी मुलाला ठाऊक आहे काय? ठाऊक नसेल तर उद्या तो हक्क कोणी काढून घेऊ लागला, तर तो कशाचे रक्षण करावयास उभा राहील? हक्क कायद्याने मिळतो हे खरे; पण तो हक्क कसा मिळाला हे ज्यांना ठाऊक असते तेच तो टिकवितात.

चार्ल्सटनच्या मैदानावर दहा हजार माणसे होती, आणि त्यांचा दिवस हरवला. खाणीतील एका निरक्षर कामगाराच्या घरी मूठभर माणसे एका तरुणाचे वाचन ऐकत बसत. त्या तरुणाने सुरू केलेल्या सप्ताहाला शंभर वर्षे झाली. तेव्हा पुढच्या वेळी तुमचे मूल "आपला सण कधी?" असे विचारील, तेव्हा त्याला तारीख सांगा, आणि त्याच्या हाती वही द्या.

नमो बुद्धाय! जय भीम!